एका वाटीतली गाठभेट

परक्या मुलखातला पदार्थ समोर आला की आपल्या घरातल्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात काय काय घातलंय?" चव नंतर, रूप नंतर. ही सवय आपल्याला आज्यांनी लावली. इतिहास वाचतानाही ती फार उपयोगी पडते, असं माझं मत झालंय.

चीनमधला थांगयुआन नावाचा गोड पदार्थ घ्या. तांदळाच्या पिठाचा सुपारीहून थोडा मोठा गोळा, पोटात काळ्या तिळाचं सारण, आणि ज्या गरम पाण्यात शिजला त्या पाण्यासकट वाटीत वाढलेला. 'थांग' म्हणजे पातळ रस आणि 'युआन' म्हणजे गोल. दिसायला आपल्या उकडीच्या मोदकाचा, कळ्या न पाडलेला, भाऊच म्हणा. यात काय घातलंय हे विचारायला गेलं, तर त्या एवढ्याशा गोळ्यातून मगध देश निघतो, कैदेत बसून पुस्तक लिहिणारा एक राजसेवक निघतो, डुकराची चरबी निघते आणि घरी परत न आलेली कितीतरी माणसं निघतात.

आधी तो कधी करतात ते सांगते. चीनमध्ये याचे मुख्य दिवस दोन. एक, वर्षातला सर्वांत लहान दिवस, २१-२२ डिसेंबरच्या सुमाराचा. ही रीत दक्षिणेकडे जास्त. दुसरा, चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्यातली पौर्णिमा, म्हणजे बहुतेक वेळा आपली माघी पौर्णिमा. त्या रात्री गावभर कंदील लावतात, म्हणून त्याला कंदिलांचा सण म्हणतात. उत्तर चीनमध्ये या सणाच्या गोळ्यांना सणाच्याच नावावरून 'युआनशियाओ' म्हणतात. चिनी भाषेत 'थुआनयुआन' असा एक शब्द आहे. सगळं कुटुंब एकत्र येणं, गाठभेट होणं, असा त्याचा अर्थ. थांगयुआन आणि थुआनयुआन, उच्चार इतका जवळचा की गोळा खाणं म्हणजे सगळे भेटले असं मानायचं. चंद्र गोल, वाटी गोल, गोळा गोल. फूच्येन प्रांतात आणि तैवानमध्ये त्या लहान दिवसाचे थांगयुआन खाल्ले की माणूस एक वर्षाने मोठा झाला असं धरतात. तिथे लाल-पांढरे छोटे गोळे करतात, दाराला एखादा चिकटवूनही ठेवतात, आणि लग्नात नवरा-नवरीला भरवतात.

या पदार्थाची एक लोककथा आहे. हान घराण्याचा सम्राट वू, म्हणजे इसवी सनाच्या आधीचा काळ. त्याच्या राजवाड्यात युआनशियाओ नावाची एक दासी होती. हे गोळे करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण एकदा वाड्यात आलेल्या मुलीला परत माहेरी जायला मिळत नसे. ती रडून रडून जीव द्यायला निघाली, तेव्हा तुंगफांग श्वो नावाच्या चतुर दरबाऱ्याने तिला पाहिलं. त्याने राजधानीत अफवा उठवली की अग्निदेव शहर जाळणार आहे. सम्राट घाबरला. उपाय म्हणून त्याने सांगितलं, पौर्णिमेच्या रात्री सगळीकडे कंदील लावा, म्हणजे देवाला वाटेल शहर जळतंच आहे. वेशी उघडून आसपासच्या लोकांना आत येऊ द्या. आणि युआनशियाओच्या हातचे गोळे देवाला दाखवा. झालं, लोक लोटले. त्या गर्दीत तिचे आईवडील होते. कंदिलावर लिहिलेलं तिचं नाव वाचून त्यांनी हाक मारली आणि मायलेकींची भेट झाली.

ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण जात्यावर बसून माहेराच्या ओव्या म्हटलेल्या बायकांच्या आपण नाती-पणती. लेकीला माहेरी जाता यावं म्हणून शहर जाळायची अफवा उठवावी लागली, ही कथा कुणाच्या मनातून आली असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि यात इतिहासाचाही एक धागा आहे. थांग घराण्याच्या काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, राजधानी चांगआनमध्ये रात्री रस्त्यावर फिरायला बंदी होती. नगारा वाजला की मोहल्ल्यांचे दरवाजे बंद. कंदिलांच्या सणाच्या तीन रात्री मात्र ही बंदी उठायची. एरवी उंबऱ्याआड राहणाऱ्या बायकाही त्या गर्दीत दिसायच्या. पुढे मिंग काळात या सणाला बायका घोळक्याने बाहेर पडून पूल ओलांडत, असं केलं की वर्षभराचं दुखणं-खुपणं मागे राहतं अशी समजूत होती. आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एरवी दाराबाहेर न पडणाऱ्या सुना चार घरं फिरून येत, तसंच ते. निमित्त देवाचं, आरोग्याचं, पण मोकळा वारा खरा.

आता लिखित पुरावा बघू. चौ बीदा नावाचा एक मोठा अधिकारी आणि कवी होऊन गेला, ११२६ ते १२०४ हा त्याचा काळ. पुढे तो सम्राटाचा मुख्य प्रधानही झाला. त्याने कंदिलांच्या सणाला उकळत्या पाण्यात शिजणाऱ्या 'तरंगत्या गोळ्यां'वर एक कविता केली. तेव्हा त्यांना तेच नाव होतं. गंमत त्या कवितेच्या मथळ्यात आहे. यावर आधीच्या मंडळींनी काही रचलेलं दिसत नाही, म्हणून बसल्या बैठकीत हे केलं, अशा अर्थाचं तो त्यात सांगतो. म्हणजे पदार्थ घरोघरी रुळलेला, सणाच्या ताटात ठरलेला, आणि लिहिणाऱ्यांचं लक्ष मात्र आत्ता गेलं! स्वयंपाकघराचा इतिहास असाच उशिरा कागदावर येतो. तारीख मिळते ती लिहिणाऱ्याची, करणारीची नव्हे.

दुसरा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. ल्यू रुओयू हा मिंग राजवाड्यातला सेवक, खोजा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात दरबारी कारस्थानांच्या प्रकरणात तो अडकला आणि कैदेत पडला. तिथे बसून त्याने राजवाड्यातल्या जीवनाचं पुस्तक लिहिलं. त्यात कोणत्या महिन्यात वाड्यात काय खात, तेही आहे. युआनशियाओ कसे करायचे ते तो सांगतो: चिकट तांदळाचं बारीक पीठ, आत अक्रोड आणि पांढरी साखर यांचं सारण, पाणी शिंपडत शिंपडत गोल फिरवून अक्रोडाएवढा करायचा. आणि पुढे म्हणतो, दक्षिणेकडे यालाच थांगयुआन म्हणतात.

या एका ओळीने एक लोकप्रिय गोष्ट खोटी पडते. ती गोष्ट अशी. १९१२ साली युआन शिकाई हा सेनापती चिनी प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला, पण त्याला सम्राट व्हायचे डोहाळे लागले होते. रस्त्यावर फेरीवाले "युआनशियाओ, युआनशियाओ" ओरडायचे. 'शियाओ' या उच्चाराचा दुसरा अर्थ नाहीसा होणे. म्हणजे "युआन नाहीसा होवो" असंच जणू कोणी दारात ओरडतंय! म्हणून त्याने हुकूम काढला की यापुढे याला थांगयुआनच म्हणायचं. गोष्ट खुसखुशीत आहे आणि चीनमध्ये सगळ्यांना पाठ आहे. पण थांगयुआन हे नाव त्याच्या कितीतरी आधी, ल्यू रुओयूच्या कैदेतल्या पुस्तकातच आहे. युआन शिकाईने १९१६च्या जानेवारीपासून स्वतःच्या नावाने नवा शक सुरू केला, मार्चमध्ये तो गुंडाळावा लागला आणि ६ जून १९१६ला तो वारला. त्याचं साम्राज्य तीन महिनेसुद्धा टिकलं नाही. गोळ्यांची दोन्ही नावं अजून आहेत.

ल्यू रुओयूने सांगितलेली 'फिरवून' करायची पद्धत ही उत्तरेची. सारणाचे घट्ट तुकडे पाण्यात बुडवून कोरड्या पिठाच्या परडीत टाकायचे, परडी गोल हलवायची, पुन्हा पाणी, पुन्हा पीठ. थर चढत जातो. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाकाचे थेंब टाकत बोटांनी फिरवत राहायचं, काटा हळूहळू येतो, तसंच हे, फक्त पाकाऐवजी पीठ. दक्षिणेची रीत मात्र आपल्या मोदकासारखी, पीठ भिजवून, पारी करून, सारण भरून, तोंड मिटायचं.

दक्षिणेच्या पिठाची कृती युआन मेइ या कवीने १७९२च्या आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात दिली आहे. चिकट तांदूळ एक दिवस एक रात्र भिजत घालायचा. पाण्यासकट जात्यावर दळायचा. ते दूध कापडात धरायचं, कापडाखाली राख पसरायची म्हणजे ती पाणी ओढून घेते, मग उरलेलं बारीक पीठ उन्हात वाळवायचं. वाचताना मला रगड्यावर वाटलेलं इडलीचं पीठ आणि पंचात बांधून टांगलेला चक्का दोन्ही एकदम आठवले. आपल्याकडे मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळतात. त्यांनी तो पाण्यातच दळला. हे काम दोन माणसांचं. एकीने जातं ओढायचं, दुसरीने पळीने तांदूळ आणि पाणी घालायचं. सणाच्या आदल्या दिवशी किती घरांत सासू-सुना, जावा-जावा अशा बसल्या असतील! या युआन मेइची आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल अशी. त्याच्या शिष्यांमध्ये पुष्कळ स्त्रिया होत्या. बायकांनी कविता करू नयेत म्हणणाऱ्या विद्वानांना न जुमानता त्याने त्यांच्या कवितांचा संग्रह छापला.

पण याच युआन मेइच्या सारणात आपल्याला अडवणारी गोष्ट आहे. तो लिहितो: चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया, अक्रोड, साखर आणि डुकराची चरबी. समुद्रकाठच्या निंगबो शहराचे थांगयुआन चीनभर नावाजलेले. त्यांच्या काळ्या तिळाच्या सारणातही परंपरेने चरबीच असते. हॉटेलात किंवा विमानतळावर 'तिळाचे लाडू आहेत, गोड आहेत' म्हणून कोणी पुढे केले, तर आपल्या आज्यांचा प्रश्न विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका, एवढं आवर्जून सांगते. गोड म्हणजे शाकाहारी असं तिथे समीकरण नाही.

मग हा पदार्थ आपल्यासाठी मिटला का? नाही. एक तर ल्यू रुओयूने दिलेल्या राजवाड्यातल्या कृतीत चरबीचं नावच नाही, अक्रोड आणि साखर एवढंच आहे. म्हणजे चरबी ही काही या पदार्थाची जन्मखूण नव्हे. दुसरं, चीनमधले बौद्ध भिक्षू आणि भिक्षुणी पूर्ण शाकाहारी असतात. सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या सम्राट वूने मठांतून मद्य-मांस हद्दपार करण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून ही शिस्त पक्की झाली. इतकंच नाही, ते कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांची कारणं वेगळी, आपली वेगळी. पण त्यांच्या मठातल्या स्वयंपाकघरात आपल्याला दोन घास सुखाने खाता येतील.

आणि तिसरं, चरबीचं सारणात काम तरी काय? थंड असताना घट्ट राहायचं म्हणजे गोळी वळता येते, आणि गरम झालं की वितळायचं म्हणजे दाताखाली सारण वाहतं. हे काम आपलं साजूक तूप तंतोतंत करतं.

आता त्या सारणाचीच वंशावळ बघू. तीळ हे मूळचं आपल्या उपखंडातलं पीक. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत, चार हजार वर्षांहून जुने. जुन्या चिनी भाषेत तिळाचं एक नावच 'परक्या लोकांचा ताग' अशा अर्थाचं आहे. पश्चिमेकडून वाळवंट ओलांडून आलेली वस्तू, हे त्या नावातच नोंदलेलं.

साखरेची गोष्ट तर तारखेसकट आहे. भारतयात्रेत जाऊन-येऊन सुमारे सतरा वर्षं काढून ६४५ साली ह्युएनत्संग चांगआनला परतला, ते आपण शाळेत शिकलो. पुढे दोनच वर्षांत, ६४७ साली, मगधचे दूत चिनी दरबारात आले, आणि थांग सम्राट ताइत्सुंगने उसापासून साखर कशी करतात ते शिकून यायला आपली माणसं मगधला धाडली. ती शिकून आल्यावर सम्राटाने यांगचौचा ऊस मागवून रस काढवला आणि साखर करवली; ती रंगाला आणि चवीला आधी पश्चिमेकडून येणाऱ्या साखरेहून सरस झाली, अशी थांग घराण्याच्या अधिकृत इतिहासात नोंद आहे. मगध म्हटलं की आपल्याला राजगृह आठवतं, पावापुरी आठवते, श्रेणिक राजा आणि चेलना राणी आठवते. त्याच मातीतून साखर करण्याची विद्या चीनला गेली. पुढे तिथे ती इतकी वाढली की हिंदीत आपण साखरेलाच 'चीनी' म्हणायला लागलो.

तांदळाचा चिकटपणा मात्र पूर्वेकडचा. या तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, नावाने फसू नये. तांदळाच्या पिठुळपणात दोन घटक असतात. त्यातला भात मोकळा ठेवणारा घटक, अमायलोज, या जातीत जवळजवळ नसतोच. फार पूर्वी कधीतरी एका जनुकात बदल झाला, आणि पूर्व व आग्नेय आशियातल्या शेतकऱ्यांनी तो चिकट तांदूळ मुद्दाम निवडून जपला. आपला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर कितीही मऊ होऊ दे, त्याने हे काम होत नाही. त्याची पारी मोदकासारखी तुटक राहते, लवचीक होत नाही. पण हा तांदूळ भारतात नाही असं नाही. आसामात त्याला बोरा चाउल म्हणतात. जानेवारीत, आपल्या संक्रांतीच्या वेळी, तिथे भोगाली बिहूला तीळ-पिठा करतात. बोरा तांदळाचं ओलसर पीठ तव्यावर पसरून त्यावर काळे तीळ आणि गूळ घालून केलेली सुरळी. तोच तांदूळ, तेच काळे तीळ, तोच थंडीचा सण. तिकडे पाण्यात सोडला, इकडे तव्यावर टाकला.

घरी करायचे असतील तर वीसेक गोळ्यांचं माप देते. चिकट तांदळाचं पीठ आता मोठ्या शहरांत मिळतं, मागवताही येतं. माझ्या नणंदेची मुलगी सिंगापूरहून येताना आणते. ऐंशी ग्रॅम काळे तीळ मंद आचेवर भाजा. काळे असल्यामुळे भाजल्याचा रंग कळत नाही. वास सुटला आणि दोन-चार तडतडले की उतरवा, पुढे गेले तर कडू होतात. गार झाल्यावर बारीक कुटा, साठ ग्रॅम पिठीसाखर आणि पन्नास ग्रॅम साजूक तूप घालून मळा, आणि फ्रिजमध्ये घट्ट करून वीस गोळ्या वळा. दोनशे ग्रॅम पिठात कोमट पाणी थोडं थोडं घालत सैलसर कणकेसारखं भिजवा. साधारण दीडशे ते एकशे सत्तर मिली लागतं. आता खुबी. त्यातली लिंबाएवढी गोळी चपटी करून उकळत्या पाण्यात तरंगेपर्यंत शिजवा आणि गरम असतानाच परत कच्च्या पिठात मळून टाका. आपण मोदकाला सगळ्या पिठाची उकड काढतो, त्या लोकांनी थोड्याचीच काढली. एवढ्याने पारी चिरत नाही.

पारी करून गोळी आत ठेवा, तोंड नीट मिटा, तळहातावर गोल करा. पाणी उकळल्यावर हलक्या हाताने सोडा, पळीच्या पाठीने एकदा ढकला म्हणजे तळाला बसत नाहीत. वर तरंगले की अर्धी वाटी गार पाणी घाला, पुन्हा उकळी येऊ द्या, असं दोनदा. गार पाण्याने उकळीचा जोर मोडतो, गोळे फुटत नाहीत आणि आतपर्यंत शिजतात. त्याच पाण्यात वाढा. काही ठिकाणी आल्याच्या गोड पाण्यात देतात. जावा बेटावर त्याचंच 'वेदांग रोंदे' झालं. आपल्याकडे आलं चालत नाही तिथे गुळाच्या पाण्यात सुंठ घाला, छान लागतं. सण त्यांचा रात्रीचा असला तरी आपण सूर्यास्ताआधी खाऊ शकतोच!

इथवर गोड होतं. पण भेटीचा म्हणून जो पदार्थ, तो भेट न झालेल्यांच्या घरीही होतोच की. फूच्येन आणि क्वांगतुंग या किनाऱ्यावरच्या प्रांतांतून एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात लाखो पुरुष मलाया, सिंगापूर, जावा, सयाम इथे पोटासाठी गेले. बायका मागे राहिल्या. सासू-सासऱ्यांचं करायचं, शेत बघायचं आणि वर्षातले दोन दिवस गाठभेटीचे गोळे वळायचे. तिकडून पैसे आणि चिठ्ठी एकत्र यायची. अशा हजारो पत्रांचा ठेवा २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत नोंदला गेला. काहींचे नवरे परत आले, काहींनी तिकडे दुसरा संसार मांडला, काहींच्या फक्त चिठ्ठ्या येत राहिल्या.

१९४९ साली चीनमध्ये सत्ता बदलली, आणि हरलेल्या बाजूबरोबर लाखो सैनिक आणि माणसं तैवानला गेली. मधे फक्त एक सामुद्रधुनी. पण आईला पत्र टाकता येईना, बायकोची खुशाली कळेना. तैवानने आपल्या लोकांना चीनमधल्या नातेवाइकांना भेटायची परवानगी दिली ती १९८७च्या नोव्हेंबरमध्ये. अडतीस वर्षं! तरुण म्हणून गेलेले म्हातारे होऊन आले. कित्येकांच्या वाट्याला आईऐवजी तिची कबर आली.

आणि हे सगळं दूरच्या देशात घडलं असं म्हणून आपल्याला मोकळं होता येत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी तोंग आछू नावाचा एक चिनी व्यापारी कोलकात्याजवळ हुगळीकाठी आला. वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन त्याने काय काढलं, तर उसाची लागवड आणि साखरेचा कारखाना. मगधातून गेलेली विद्या अकराशे वर्षांनी अशी शेजारच्या बंगालात परत आली. त्या गावाला त्याच्या नावावरून अछिपूर म्हणतात. कोलकात्याचे चिनी लोक नव्या वर्षात तिथल्या देवळात आणि त्याच्या कबरीवर अजून जातात. पुढे १८३०च्या दशकाअखेरीपासून आसामच्या चहाच्या मळ्यांवर चिनी कामगार आणले गेले. त्यांनी इथल्या मुलींशी लग्नं केली, माकुम गावात त्यांची वस्ती वाढली. मुलं आसामी बोलायची.

१९६२च्या युद्धानंतर सरकारने सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. त्यात बायका होत्या, म्हातारे होते, शाळकरी मुलं होती. कित्येकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. कोणी काही वर्षांनी सुटले, काहींना १९६७पर्यंत तिथेच राहावं लागलं, कितीतरी जणांना बोटीने चीनला पाठवून दिलं. कुठे नवरा आणि मुलं तिकडे, आसामी बायको इकडे अशी ताटातूट झाली. सुटून आलेल्यांना घरंदारं लिलावात गेलेली दिसली. रीता चौधरी यांनी २०१०च्या 'माकाम' या आसामी कादंबरीतून हे दुःख लोकांसमोर आणलं. कुणाचाही गुन्हा शाबीत झाला नव्हता. चेहरा आणि आडनाव एवढंच पुरलं. शत्रू कोण हे माणसाच्या करणीवरून न ठरवता कुळावरून ठरवलं की काय होतं, हे आपल्यासारख्या छोट्या समाजाच्या बायकांनी तरी नीट लक्षात ठेवायला हवं.

आज चीनमध्ये बहुतेक घरांत थांगयुआन विकतचे येतात. १९९०च्या सुमाराला चेंगचौ शहरातल्या एका शल्यचिकित्सकाने ते झटपट गोठवून विकायची युक्ती काढली आणि त्याचा मोठा कारखाना झाला. त्याआधीची नावाजलेली दुकानंही आहेत. छंगतूमधलं लाइ यांचं १८९४ पासूनचं, निंगबोचं १९२६ सालचं. दुकानांवर पुरुषांची नावं आहेत, कवितेवर प्रधानाचं, हुकुमाच्या खोट्या गोष्टीवर सम्राट होऊ पाहणाऱ्याचं. जातं ओढणारीचं नाव कुठेच नाही. आहे ते एका लोककथेतल्या दासीचं, आणि तेही कंदिलावर लिहिलेलं, आईवडिलांना वाचता यावं म्हणून.

म्हणून मला वाटतं, संक्रांतीचे काळे तीळ डब्यात उरले असतील तर माघी पौर्णिमेला एकदा हे करून बघावं. लेक, सून, शेजारीण, जी असेल तिला हाताशी घ्यावं. एकटीने वळायला वीस गोळे फार कंटाळवाणे होतात. कोणी विचारलं "यात काय घातलंय", तर सांगायला आता आपल्याकडे पुष्कळ आहे. आणि पहिला गोळा जरा निवू देऊन मगच फोडा, आतले तीळ फार गरम असतात.